अर्धा सूर खाली

१

टिलिंगमास्तर जिन्याच्या पायथ्याशी पालथे पडले होते. पाय वरच्या पायऱ्यांकडे, डोकं खाली फरशीवर. मी आणि एगॉन बागेतल्या कमरेएवढ्या पाण्यातून नुकतेच आत आलो होतो. आमच्या कपड्यांतून ओघळ चालले होते, त्यामुळे आधी मला वाटलं की फरशीवरचं ते ओलं आमचंच. मग त्याचा रंग दिसला.

"मास्तर, इथे कुठे आडवे झालात?" एगॉन म्हणाला. मास्तरांनी भर दुपारी बाटली उघडली असं त्याला वाटलं.

मी गुडघे टेकून त्यांचा हात धरला. हात अजून गरम होता, पण त्यात माणूस नव्हता.

"जज्जसाहेबांना बोलवा," मी म्हणाले. "आणि ओरडू नका, वर बाईसाहेब निजल्यात."

तो ओरडलाच. पण ऐकणार कोण? सकाळपासून एल्ब नदीचा बर्फ फुटत होता. पलंगाएवढे तुकडे एकमेकांवर चढत, आपटत खाली चालले होते, आणि तो आवाज भिंतींतून आत येऊन दातांत भरत होता. खालच्या वळणावर बर्फ अडकला आणि पाणी मागे चढलं. तळघर बुडालं, बाग बुडाली. आमचं घर उंचवट्यावर, म्हणून ते तेवढं उरलं. होडीची दोरी तुटली म्हणून मी आणि एगॉन धावलो होतो; होडी आमच्या डोळ्यांदेखत गेली.

म्हणजे आता घरात पाच जिवंत माणसं होती, एक मेलेलं होतं, आणि बाहेर पडायला वाट नव्हती.

मी डोरेट. हेंपेलांच्या घरात स्वयंपाक माझ्याकडे होता आणि किल्ल्याही माझ्याकडे, एक सोडून. धनी वारल्यावर घर चालवत होत्या ओटिलीबाई. एगॉन त्यांच्या नवऱ्याचा पुतण्या, पुढचा मालक. टिलिंगमास्तर बाईसाहेबांनी ठेवलेले चेलोवादक. कित्येक हिवाळे ते आमच्याकडेच जेवले. त्यांचा चेलो, म्हणजे बसून वाजवायचं मोठं व्हायोलिन, इटलीतला, जुना, मधासारख्या रंगाचा, पण तो मास्तरांचा नव्हता, बाईसाहेबांनी विकत घेतलेला होता. मास्तरांच्या सोबत पियानो वाजवायला थेरेझे रूले नावाची मुलगी होती. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याची ती लेक, आता पोरकी. आणि पाचवे जज्जसाहेब, गॉटलोब वेंडिश, बाईसाहेबांचे सख्खे भाऊ. नोकरीतून निवृत्त झालेले. बहिणीला भेटायला आले आणि पाण्याने अडकले.

ते माळ्यावरून हळूहळू उतरत आले. किनाऱ्यावरच्यांना दिसावी म्हणून खिडकीला पांढरी चादर बांधायला गेले होते. प्रेताजवळ बराच वेळ उभे राहिले. मग मास्तरांचे दोन्ही तळवे उलटून पाहिले.

"एगॉन," ते म्हणाले, "घसरणारा माणूस मागे बसतो. पाठ मोडते, माकडहाड मोडतं. हा तोंडावर आलाय, आणि हात पुढे करायलाही त्याला सवड मिळालेली नाही. तळव्यांवर साधा ओरखडा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जिन्याच्या तोंडाशी याच्या पाठीमागे कुणीतरी होतं."

२

मास्तरांना आम्ही मागच्या थंड खोलीत ठेवलं आणि सगळे जेवणाच्या टेबलाशी बसलो. मी बटाट्याचं सूप वाढलं. कुणी चमचा उचलला नाही.

"आता माझ्यासकट प्रत्येकाने सांगायचं, तो कुठे होता," जज्जसाहेब म्हणाले. "मी माळ्यावर होतो. एकटा. माझ्यासाठी साक्षीदार नाही, फक्त एक चादर आहे. डोरेट?"

"मी एगॉनसाहेबांबरोबर. कॉफीची भांडी उचलली, तेवढ्यात होडी सुटली. तिथून परत येईपर्यंत आम्ही एकमेकांना सोडलं नाही. सोडलं असतं तर मी वाहूनच गेले असते."

"टिली?"

"माझं डोकं दुखत होतं," बाईसाहेब म्हणाल्या. "पडदे ओढून पडले होते. मास्तर वर आला हेच मला माहीत नाही. वर त्याचं काम काय?" आणि त्यांनी थेरेझेकडे पाहिलं.

थेरेझे म्हणाली, "मी माझ्या खोलीत सामान भरत होते."

"सामान? बाहेर नदी आहे, बाई!" एगॉन म्हणाला.

"नदी उतरेल कधीतरी."

मग ते भांडण निघालं. ते सगळ्यांनीच ऐकलं होतं, बर्फाच्या वरताण. कॉफी झाल्यावर दोघांनी दिवाणखान्यात सोनाटा वाजवला. सोनाटा म्हणजे पियानो आणि चेलोचं संभाषण, असं धनी म्हणायचे. त्या दिवशी मात्र ते संपल्यावर खरं संभाषण सुरू झालं. मास्तरांना लाइपझिगच्या वाद्यवृंदात जागा मिळाली होती. थेरेझेने बरोबर यावं, लग्न करावं, हे त्यांनी तिला न विचारता ठरवून टाकलं होतं. "मी काय तुमची ट्रंक आहे, उचलून न्यायला?" असं ती ओरडली, दार आपटलं आणि वर गेली. त्यानंतर मास्तरांना कुणी जिवंत पाहिलं नव्हतं.

जज्जसाहेब उठून दिवाणखान्यात गेले, मी दिवा घेऊन मागे. नवा मोठा पियानो मध्ये, आणि चेलो आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला. बाजूला गज, त्याचे केस व्यवस्थित सैल केलेले. वाजवून झालं की गज सैल करायचा असतो, नाहीतर लाकूड वाकतं. ती शिस्त या घरात मांजरालासुद्धा ठाऊक होती.

"तर हे असं झालं," ते स्वतःशीच बोलले. "वाजवणं संपलं. वाद्य जागेवर ठेवलं, गज सैल केला, आणि हा रिकाम्या हातांनी वर गेला. वाजवायला नाही, बोलायला. कुणाशी बोलायला, ते उघड आहे."

ते परत टेबलाशी आले आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं. थेरेझे उठून उभी राहिली.

"तो माझ्या दाराशी आलाच नाही."

"असं तू म्हणतेस, पोरी."

"जज्जसाहेब, मग आणखी कोण म्हणणार? मी एकटीच होते ना खोलीत!"

"तेच तर," बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या. "एगॉन, हिच्या खोलीला बाहेरून कुलूप लाव. पाणी उतरलं की फौजदार येईल. तोपर्यंत मला या घरात सुखाने झोपायचंय."

एगॉनने माझ्या जुडग्यातून ती किल्ली काढून घेतली. थेरेझे स्वतःच चालत गेली. दाराशी वळून मला म्हणाली, "डोरेटबाई, मला फाशी देतील का हो?"

मी तिच्या हातात दिवा दिला आणि एगॉनने कुलूप फिरवलं.

३

दुसऱ्या दिवशी पाणी आणखी बोटभर चढलं. पलीकडच्या काठावर माणसं ठिपक्यांसारखी हलत होती. आमची चादर त्यांना दिसली असावी, कारण कुणीतरी तिकडूनही काहीतरी हलवलं. पण बर्फात होडी घालणार कोण?

घर आखडत चाललं होतं. खालच्या फरशा ओल्या, म्हणून सगळे वर. वर प्रत्येक जण आपल्या दाराआड. जेवणाच्या वेळी एकमेकांचे चमचे मोजल्यासारखे बघायचे.

मी ब्रेड आणि कॉफी घेऊन थेरेझेच्या खोलीकडे गेले, तर दार अर्धवट उघडं होतं आणि आत एगॉन.

"नीट ऐक," तो म्हणत होता. "मी सांगेन की मी पाहिलं. मास्तर जिन्यावरून उतरताना पाय अडकून पडला. मी या घरचा माणूस, माझ्या शब्दावर फौजदार निमूट टोपी काढेल."

"आणि त्या बदल्यात?"

"बदल्यात काय... गेल्या वर्षी तुला विचारलं होतं, तेच."

"गेल्या वर्षी मी हसले होते."

"आता हस ना," एगॉन म्हणाला. "हस की. मी थांबतो."

ती हसली नाही. मी मुद्दाम कपबशी वाजवली. एगॉन माझ्या बाजूने निघून गेला. कान लालबुंद झाले होते. मी ताट ठेवलं, तर थेरेझे खिडकीच्या चौकटीला धरून उभी.

"डोरेटबाई, तो खोटं बोलतोय ना? त्याने पाहिलं नाही ना?"

"कसलं पाहणार? माझा हात धरून पाण्यात बुडत होता तो."

"मग मी हो म्हटलं तर त्याचं खोटं आयुष्यभर माझ्या गळ्यात. आणि नाही म्हटलं तर..." तिने गळ्याला हात लावला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, हात खाली घेतला. "ही कॉफी फार पातळ आहे."

"दाणे संपत आलेत, बाई."

मी सरळ जज्जसाहेबांकडे गेले. एगॉन काय बोलला ते सगळं सांगितलं. चुगली म्हणा, काही म्हणा. ते तपकीर ओढत ऐकत राहिले.

"गाढव," ते शेवटी म्हणाले. "पण खुनी नाही. खुनी असता तर तुझा हात धरून बुडत नसता. ठीक. म्हणजे वरच्या मजल्यावर फक्त तिघं. ती मुलगी, मी, आणि माझी बहीण." ते नाक पुसत राहिले. "मी नाही, एवढं मला माहीत आहे. म्हणून ती मुलगी. दुसरं कोण?"

"तसं तुम्हाला वाटतं?"

"वाटण्याचा प्रश्न नाही, डोरेट. मला तसं वाटणं सोयीचं आहे. त्यामुळेच झोप येत नाही." ते उठले. "तिला खाली आण. मी आता भिंतीकडे बघत बसलो तर वेडा होईन. तिला सांग, मला कुणीतरी पियानोवर साथ हवीय."

"चेलो कोण वाजवणार?"

"मी."

"मेलेल्या माणसाचा चेलो?" मी म्हणाले.

"चेलो माझ्या बहिणीचा आहे," जज्जसाहेब म्हणाले. "आणि लहानपणी मी तिच्याबरोबर वाजवायचो. फार वाईट."

४

बाईसाहेब वर पडून होत्या. एगॉन जिन्यावर कुरकुरत उभा राहिला, पण जज्जसाहेबांपुढे त्याचं काही चाललं नाही. थेरेझे पियानोसमोर बसली. जज्जसाहेबांनी चेलो घेऊन दोन्ही पोटऱ्यांमध्ये धरला, जुन्या लोकांसारखा. गजाचा स्क्रू पिळून केस ताणले.

"संथ भाग घेऊ," ते म्हणाले. "जलद माझ्या बोटांना झेपत नाही. दे सूर."

हे नेहमीचंच. दोघं बसले की चेलोवाला पियानोवाल्याकडे एक सूर मागतो आणि आपल्या तारा त्याला मिळवून घेतो. उलटं कधी होत नाही. पियानोच्या पोटात शेकडो तारा, लावायला कारागिराचा अख्खा दिवस जातो. चेलोला चार तारा आणि चार खुंट्या. म्हणून चेलोनेच पियानोचं ऐकायचं.

थेरेझेने पट्टी दाबली. जज्जसाहेबांनी गज ओढला.

मला गाण्यातलं फार कळत नाही, पण दोन्ही आवाज एकमेकांना घासले ते माझ्याही कानाला बोचलं. चेलो खाली होता. बराच खाली.

"ओल," जज्जसाहेब म्हणाले. "घरात सगळीकडे पाणी. तारा जनावराच्या आतड्याच्या, ओल धरणारच." आणि त्यांनी खुंटीला हात घातला.

हात तिथेच थांबला.

त्यांनी गज पुन्हा ओढला, या वेळी दोन तारा एकदम. मग पुढच्या दोन. मग शेवटच्या दोन. खोली आवाजाने भरली, आणि तो आवाज इतका स्वच्छ होता की थेरेझेने मान वर केली.

"एकमेकींत अगदी लागलेल्या आहेत," ती म्हणाली. "पण सगळ्या खाली. अर्ध्या सुराने."

"ओलीने असं होईल का?"

"नाही हो. ओलीने एक तार इकडे जाते, एक तिकडे. जाडी वेगळी, बारीक वेगळी. चारही मिळून, बरोबरीने, अर्धा सूर? हे कुणीतरी लावलंय. कानाने. चांगल्या कानाने."

"काल तुम्ही वाजवलंत तेव्हा?"

"तेव्हा चेलो याच पियानोला लागलेला होता. अख्खा सोनाटा वाजवला आम्ही. असा असता तर पहिल्या ओळीलाच मी थांबले असते." ती बोलता बोलता हळू झाली. "म्हणजे मी वर गेल्यावर त्यांनी चारही तारा उतरवल्या? कशासाठी? याच पियानोबरोबर पुन्हा वाजवताच आलं नसतं."

जज्जसाहेब सगळ्यात जाडी तार मोकळी वाजवत बसले होते, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा, आणि त्यांचा म्हातारा चेहरा हळूहळू पोरासारखा दिसू लागला. मग त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यात पोर नव्हतं.

"डोरेट," ते म्हणाले, "खुंट्यांना कुणी हात लावायचा नाही. गज तू घे. आपल्याला वर जायचंय."

"कुणाकडे?"

"दुसऱ्या पियानोकडे."

५

तो पियानो मी साफसफाईलाही पाहिला नव्हता. बाईसाहेबांच्या शेजघराला लागून कोपऱ्यातली खोली होती, कायम बंद. तिचीच किल्ली माझ्या जुडग्यात नव्हती. ती बाईसाहेबांच्या कमरेला असायची. आत त्यांच्या माहेरचा चौकोनी जुना पियानो आहे, धनी गेल्यापासून उघडलेला नाही, एवढंच आम्हाला सांगितलेलं होतं.

जज्जसाहेब चेलो छातीशी धरून जिना चढले. पायऱ्यांवर अजून माझ्या घासण्याचे ओले पट्टे होते. मागून थेरेझे, तिच्यामागून एगॉन. तिला अडवायचं त्याला सुचलं नाही.

दार बाईसाहेबांनीच उघडलं. भावाच्या हातातला चेलो पाहिला आणि काही क्षण त्या तशाच उभ्या राहिल्या.

"तू कशाला वाजवतोस, गॉटलोब? तुला कधी जमलं नाही."

"खरंय. पण कान बरा होता, एवढं आईसुद्धा म्हणायची. टिली, कोपऱ्यातली खोली उघड."

"तिथे काही नाही. पियानो मेलाय केव्हाचा."

"मग मेलेल्याला भेटू."

"माझ्या घरात मी..."

"टिली, किल्ली."

त्या दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की लहानपणी एकाच बाहुलीसाठी भांडणारी भावंडं अशीच बघत असतील. मग बाईसाहेबांनी कमरेची किल्ली काढून पलंगावर टाकली. हातात दिली नाही.

खोलीत थंडी होती, पण बंद खोलीचा वास नव्हता. पियानोचं झाकण चकचकीत. त्याच्यासमोर दोन खुर्च्या. एक पियानोसमोर, आणि एक जरा बाजूला, तिरकी. चेलोवाला बसतो तशी.

जज्जसाहेब त्या तिरक्या खुर्चीवर बसले. "थेरेझे, तोच सूर दे."

तिने उभ्यानेच झाकण उघडून पट्टी दाबली. जुना, बारीक, पत्र्यासारखा आवाज. जज्जसाहेबांनी गज ओढला, आणि दोन्ही आवाज एकमेकांत असे मिसळले की कुठला कुणाचा ते कळेना.

"आपल्या आईचा पियानो," ते म्हणाले. "लाकूड इतकं जुनं की हल्लीच्या चढ्या सुराला तारा ताणल्या तर फुटेल. म्हणून कारागीर तो पूर्वीच्याच उतरत्या सुराला ठेवायचे, अर्धा सूर खाली. खाली मी ती जाडी तार ओढली आणि मला एकदम आईच्या स्वयंपाकघराचा वास आला. मला तेव्हाच कळलं, टिली. मी फक्त जिना चढायला वेळ लावला."

"त्याने कधीतरी पूर्वी लावला असेल..." बाईसाहेब म्हणाल्या.

"काल कॉफीनंतर चेलो खालच्या पियानोला लागलेला होता. आज तो या पियानोला लागलेला आहे. मधल्या वेळात टिलिंग त्याला घेऊन या खोलीत आला, या खुर्चीत बसला, आणि कुणीतरी त्याला सूर दिला. ही खोली फक्त तू उघडतेस. तू म्हणालीस, पडदे ओढून पडले होते, तो वर आला हे मला माहीतच नाही." जज्जसाहेबांनी चेलो बाजूला केला. "आणि तो खाली गेला तेव्हा चेलो त्याच्याबरोबर नव्हता. असता तर जिन्यावर त्याच्या ठिकऱ्या झाल्या असत्या. म्हणजे चेलो नंतर खाली गेला. दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. ते हात इतके वळण लागलेले, की तशातही गज सैल करायला विसरले नाहीत. तारा मात्र तशाच राहिल्या."

बाईसाहेब पियानोसमोरच्या खुर्चीत बसल्या. त्यांची बोटं सांध्यांशी सुजलेली होती; मी रोज ती पाहत होते आणि मला वाटायचं, या आता वाजवत नाहीत.

"दर आठवड्याला येत होता," त्या म्हणाल्या. "थेरेझे त्याच्याबरोबर खाली सगळ्यांसाठी वाजवायची. इथे तो माझ्यासाठी. या बोटांना फक्त संथ भागच जमतो. तो थांबायचा माझ्यासाठी, पुढच्या सुरावर मी पोचेपर्यंत. इतकं हळू थांबता येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

त्यांनी पियानोचं झाकण हळूच मिटवलं.

"काल वाजवून झाल्यावर म्हणाला, हे शेवटचं. लाइपझिग. मी म्हटलं, जा की. पण चेलो माझा आहे, तो इथून जाणार नाही. हे मी आधीही म्हटलेलं होतं, आणि दर वेळी तो गप्प बसायचा." त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. "काल त्याने चेलो भिंतीला टेकवला. म्हणाला, 'ठेवा, बाईसाहेब. तिकडे दुसरा मिळेल.' आणि शीळ घालत निघाला. शीळ, गॉटलोब! एवढी वर्षं मला वाटत होतं की मी त्याला कशाने तरी धरून ठेवलंय. मी मागून गेले. थांबवायला गेले होते की आणखी कशाला, ते मला सांगता येत नाही. हात त्याच्या पाठीवर होते, एवढं आठवतं. मग मी चेलो उचलला आणि त्याच्या बाजूने खाली गेले. तो हलत नव्हता."

"आणि काल मला कुलूप लावायला सांगितलंत," थेरेझे म्हणाली.

"तू मोकळी होणार होतीस," बाईसाहेब तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "ते मला कसं सहन होणार?"

६

तिसऱ्या दिवशी वळणावरचा बर्फ सुटला. पाणी असं उतरू लागलं की बागेतली झुडपं एकेक करून वर आली, चिखलाने माखलेली. पलीकडून होडी सुटलेली माळ्यावरून दिसली.

"अजून वेळ आहे," एगॉन म्हणाला. आम्ही सगळे पुन्हा त्या टेबलाशी होतो. "तो घसरला. आपण पाच जण आहोत, पाचही जण तेच सांगू. काकू वाचतील. थेरेझेही सुटेल. कुणाचं काय जातंय? मास्तर तर परत येत नाही!"

जज्जसाहेबांनी डोकं हातांत धरलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बहिणींना शिक्षा सुनावलेला माणूस तो. "मी खरं बोललो तर टिलीला शिक्षा देतो," ते म्हणाले, "गप्प बसलो तर स्वतःला. थेरेझे, तूच सांग. ज्याच्यावर आळ आला, त्याला विचारायला हवं."

"घसरला म्हटलं तर मी सुटेन?"

"सुटशील."

"आणि जाईन कुठे? सगळा गाव म्हणेल, तो त्या मुलीशी भांडला आणि तासाभरात जिन्यावरून पडला. मला पियानो शिकवायला कोण घरात घेईल?"

"कुठे कशाला जायचं?" बाईसाहेब म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला होता. "इथे राहशील. चेलोसाठी आपण दुसरा माणूस आणू. तू वाजवशील. काही कमी पडणार नाही तुला."

थेरेझे त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती ओरडेल, त्या दिवशीसारखी. पण ती अगदी हळू बोलली.

"नाही, बाईसाहेब. मी खोटं बोलणार नाही. मास्तरांना न्याय मिळावा म्हणून नाही, तुम्ही सुटाल म्हणूनही नाही. खोटं बोलले तर मला इथे राहावं लागेल, म्हणून."

होडी पायऱ्यांना लागली. फौजदार गुडघ्यापर्यंत चिखलात उतरला, मिशांवर पाणी. "चादर पाहिली. कुणी आजारी आहे का?"

जज्जसाहेब पुढे झाले. त्यांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग बहिणीचं, आणि मग बाकी सगळं, एका दमात, निकाल वाचावा तसं. शेवटपर्यंत आवाज फुटला नाही. फुटला तो नंतर, "सावकाश बसव तिला, होडी हलते," असं म्हणताना.

होडी लहान होती. वल्हवणारा, फौजदार, चादरीत गुंडाळलेले मास्तर आडवे, आणि बाईसाहेब. त्या आपला केसाळ कोट घालून, मान ताठ ठेवून चढल्या, कुठल्याही गाडीत चढायच्या तशा, सगळ्यांच्या आधी.

"बाकीच्यांना पुढच्या फेरीला," फौजदार म्हणाला. "संध्याकाळच्या आत येतोच."

"मी आत्ता येते," थेरेझे म्हणाली. तिच्या हातात काही नव्हतं. भरलेली ट्रंक वरच राहिली होती.

"अहो बाई, जागा कुठे आहे? या प्रेताशेजारी बसणार? आणि समोर..." तो बाईसाहेबांकडे बघून थांबला. "थोडाच वेळ आहे. आत जाऊन गरम काहीतरी घ्या."

"या घरात मी आणखी थोडाही वेळ बसणार नाही."

मी तिला थांबवायला हात पुढे केला. एगॉनही काहीतरी पुटपुटला. तिने कुणाकडेच पाहिलं नाही. झगा वर धरून चिखलात उतरली आणि होडीच्या काठाला हात घातला. होडी डुचमळली. मास्तरांवरची चादर सरकली, ती तिने नीट केली, आणि मग उभी राहिली, बसायला कुठे जागा आहे ते बघत. जागा एकच होती, बाईसाहेबांच्या समोरची, आणि ती त्यांच्या कोटाच्या घेराने भरून गेली होती.

नदीचा आवाज आता नुसत्या पाण्याचा होता.

बाईसाहेबांनी कोटाचा घेर दोन्ही सुजलेल्या हातांनी गोळा करून मांडीवर घेतला, आणि तिला जागा करून दिली.